तुझ्या प्लेटलेट फुकट गेल्या नाहीत

पुणे

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर विचारलंस, "म्हणजे माझ्या प्लेटलेट फुकट गेल्या का रे?" मी वॉर्डात होतो, नीट सांगता आलं नाही.

नाशिकहून पहाटेच्या एसटीने येऊन तू दीड तास त्या मशीनला जोडून पडलास. तसल्या एका पिशवीने आकडा ३०-४० हजारांनी चढतो म्हणतात. सुधाचा होता ९ हजार. पिशवी संपल्यावर तासाभराने पाहिला, तर ११. मी कपाळाला हात लावला. डॉक्टर मॅडम मात्र तो कागद बघून सावरून बसल्या.

तुला ठाऊकच आहे, फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी तिला तीन औषधं एकत्र चालू होती. कार्बोप्लॅटिन आणि पेमेट्रेक्सेड ही केमो, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपी. केमोने अस्थिमज्जेतला कारखानाच मंदावतो. पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, सगळंच उतरतं आणि बहुधा तीन-चार आठवड्यांत सावरतं. पहिल्या दोन सायकलना तसंच झालं. या खेपेला बाकी सगळं जागेवर, एकट्या प्लेटलेट तळाला. नडगीवर मोहरी सांडावी तसे लाल ठिपके, उशीच्या अभ्र्यावर हिरड्यांतलं रक्त. त्यात तुझ्या ताज्या प्लेटलेटही तासाभरात गडप! म्हणजे कारखाना चालू असणार, माल वाटेतच लुटला जातोय. इम्युनोथेरपी प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करते, ती कधीकधी घरच्यांवरच धावून जाते. अस्थिमज्जा तपासली, तर प्लेटलेट बनवणाऱ्या पेशी भरपूर. हा संशय आधी आला तो तुझ्या पिशवीमुळे.

मग किलोमागे १ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, आणि दोन दिवस शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं. त्या बाटल्यांची किंमत सांगत नाही, चक्कर येईल तुला. चौथ्या दिवशी २२ हजार, काल ६१. स्टिरॉइड मात्र एकदम सोडायचं नाही, काही आठवडे हळूहळू उतरवायचं.

पेम्ब्रोलिझुमॅब कायमचं बंद. गाठ आक्रसत होती रे, म्हणून ते अजून घशाखाली उतरत नाही.

घरी मऊ ब्रश, मनाने पेनकिलर नाही, आणि थर्मामीटर १००.४ च्या वर गेला की रात्री दोनलाही गाडी काढायची. स्टिरॉइडने साखर २८० वर गेली आहे. सुधा म्हणते, "अरुणभाऊजींनी पिशवीतून पेढे पाठवले की काय?"

तुझा,
विलास