वकीलपत्र आहे, करार कुठे आहे?

महोदय,

नेरुळमधल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेची मी खजिनदार. गच्चीचे वॉटरप्रूफिंग अर्धवट टाकून आगाऊ रकमेसह पसार झालेल्या ठेकेदारावर संस्थेने बेलापूरच्या कोर्टात दावा लावला आहे. दाव्याचे व्हायचे ते होईल. पण यंदा ऑडिटरने मला विचारले, 'कायदेशीर खर्चा'त फी किती आणि खर्च किती? व्हाउचरवर वकिलांच्या कारकुनाची नोंद एवढीच: 'तारखेचे'. कुठे 'झेरॉक्स व इतर'. फी तारखेप्रमाणे की पूर्ण दाव्याची, कोर्ट फी त्यात धरली की नाही, हे सांगणारा कागद संस्थेच्या कपाटात नाही. टाकी धुणाऱ्याचे कोटेशन मात्र आहे.

कमिटीतले एक काका म्हणाले, "वकीलपत्र आहे की!" आहे, सह्या-तिकिटांसकट. पण वकीलपत्र म्हणजे आपल्या वतीने कोर्टात उभे राहण्याचा अधिकार. आमच्या प्रतीत फीचा आकडा नाही; तडजोड करण्याचा अधिकार मात्र छापील इंग्रजीत देऊन टाकलेला आहे.

वकिलांची नियामक संस्था असलेल्या बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम चांगले आहेत. पैसे फीपोटी घेतले की खर्चापोटी, याची नोंद हवी. खर्चाचे पैसे अशिलाच्या लेखी संमतीशिवाय फीकडे वळवता येत नाहीत. वकिलाने काम मध्येच सोडले तर न केलेल्या कामाची फी परत करायची. पण मुळात ठरले किती, हेच लिहिलेले नसेल तर परत मागायचे किती? शिवाय १४ मे २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर ठेवली. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते, पण फीचा प्रत्येक वाद म्हणजे गैरवर्तन नव्हे.

कागद मागितला की वकिलावर अविश्वास दाखवल्यासारखे होते, असे आमच्याकडे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. आमच्याच इमारतीतल्या तरुण वकीलबाई सांगतात, निकाल लागला की अशील फोन उचलत नाही. थकलेल्या फीसाठी अशिलाची फाइल अडवून ठेवता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले आहे. मग कागदाची गरज वकिलांनाही आहेच.

वकिलांशी करायच्या कराराचा पानभर मसुदा मी कमिटीसाठी केला. काम कुठपर्यंत (अपील वेगळे), तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर, फीचे हप्ते कोणत्या टप्प्यावर, खर्च पावतीवर, तडजोड कमिटीच्या ठरावाशिवाय नाही. 'वसुलीच्या दहा टक्के फी द्या, म्हणजे जोर लावतील,' अशीही सूचना आली. ती गाळावी लागली. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा वसुलीत वाटा घ्यायला वकिलांना नियमानेच मनाई आहे.

ठाणे आणि बेलापूरच्या वकील संघटनांनी असा मराठी नमुना तयार करून कोर्टाच्या आवारात वकीलपत्राच्या फॉर्मसोबत मिळेल असे करावे, ही विनंती. आमच्या वकिलांनी मसुदा वाचून एक अट वाढवली: संस्थेने कागदपत्रे वेळेत न दिल्याने तारीख वाया गेली, तर तिचा खर्च संस्थेचा. कमिटीने ती मान्य केली.

— एका गृहनिर्माण संस्थेची खजिनदार, नेरुळ, नवी मुंबई