माळ्यावरचे सामान भंगारात घालू नका, जुन्या शाळेत आणून द्या

ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

तिठ्यावरच्या जुन्या शाळेत गावचे वारसा संग्रहालय उभे राहणार आहे. पंचायतीने ठराव करून इमारत आमच्या समितीकडे दिली. मुळात ही रेजिदोराची, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या गावच्या अधिकाऱ्याची, कचेरी. गोवा मुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या राजवटीत गावोगाव मराठी शाळा निघाल्या, तेव्हा आपली शाळा इथे भरू लागली. पुढे पट घटला नि कुलूप लागले.

पैसे हवेतच, पण त्याआधी सामान हवे. भंगारवाला दर आठवड्याला वाड्यावाड्यांतून फिरतो आहे. नांगर, भात मापायच्या पायल्या, रगडे, दशावताराचे पेटारे, मोडके असले तरी चालेल. परवा आलेल्या एका लाकडी पायलीच्या तळाला मालकाचे अक्षर डागलेले आहे. खंडाचे भात मापताना माप बदलू नये म्हणून! घुमट, म्हणजे आपले मातीचे चामडी वाद्य, द्यायचे असेल, तर कातडे घोरपडीचे आहे का ते आधी सांगा. तसे असल्यास वन खात्याला विचारूनच पुढे जाऊ. 2019 साली घुमट राज्याचे वारसा वाद्य ठरले, पण वन्यजीव कायदा आपल्या जागी आहे. देवघरातल्या मूर्ती आम्ही मागत नाही.

कागद मात्र देऊ नका, नुसते दाखवा. आपला पेडणे तालुका पोर्तुगिजांकडे गेला 1788 साली, बारदेश-तिसवाडी तालुक्यांच्या मानाने फार उशिरा. त्यामुळे आपल्याकडे एकाच ट्रंकेत मोडी दस्त आणि पोर्तुगीज शिक्क्यांचे कागद निघतात. आजोबांचे ‘सेगुंद ग्राव’चे (पोर्तुगीज प्राथमिक शाळेच्या परीक्षेचे) सर्टिफिकेट, भाटकार-मुंडकारांच्या (जमीनमालक नि त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या) पावत्या, जुने फोटो, सगळे तुमच्यासमोर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ.

आता इमारतीचे. भिंती चिऱ्याच्या. मागे दुरुस्ती म्हणून त्यांना सिमेंटचा गिलावा केला. चिऱ्यात मुरलेली ओल त्यातून बाहेर पडत नाही, म्हणून तो पापुद्रे धरून सुटतो आहे. तो खरवडून चुन्याचा गिलावा करायचा आहे, आणि हे काम जाणणारे गवंडी आता मोजकेच राहिले आहेत. पडवीचे वासे वाळवीने खाल्लेत. माटीचे (ऐनाचे) किंवा फणसाचे जुने लाकूड कुणाकडे पडून असेल तर कळवा. मिरगाच्या आत कौले परतली नाहीत, तर यंदाचा पाऊस आत येणार.

एकेका घराने एकेका खिडकीचा खर्च उचलला तरी मोठा भार हलका होईल. मुंबई-पुण्यात, आखातात असलेल्यांनी विशेष मनावर घ्यावे. देणगीदारांच्या नावाच्या संगमरवरी पाट्या लावणार नाही, तसल्या पाट्यांनी देवळांच्या भिंती आधीच भरल्या आहेत. नावे वहीत राहतील. पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती रोख देऊ नका. हिशेब चवथीनंतरच्या ग्रामसभेत मांडू.

दर रविवारी सकाळी 9 ते 12 आम्ही शाळेच्या पडवीत असतो. वस्तू जड असेल तर निरोप धाडा, टेम्पो पाठवू.

आपली,
संग्रहालय समिती