बाहुलीतली सुई

माननीय संपादक यांस,

आर्थर मिलर यांच्या ‘द क्रूसिबल’ (१९५३) या नाटकाचा विषय निघाला की ते अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी चौकशांवरचे रूपक आहे, एवढे सांगून आपण थांबतो. दादरच्या आमच्या वाचनमंडळातही परवा तेच झाले, आणि ते मला फार अपुरे वाटले. नाटक ज्यावर बेतले आहे त्या खटल्यांत, १६९२ साली अमेरिकेतील सेलममध्ये, चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी झाली. तिचा दोष केवळ आरोप करणाऱ्या मुलींच्या उन्मादावर टाकणे म्हणजे न्यायासनाला मोकळे सोडणे होय. नाटकात शेतकरी जॉन प्रॉक्टरच्या घरी सापडलेली, चेटकाचा पुरावा मानली गेलेली चिंध्यांची बाहुली पाहावी: ती आपणच शिवली, सुईही आपणच तिच्यात खोचून ठेवली, असे मोलकरीण मेरी सांगत असतानाही प्रॉक्टरची पत्नी एलिझाबेथ हिला साखळदंड घालून नेले जाते, कारण पुरावा तपासण्याची गरजच कोणाला उरलेली नसते. कबुली देणारा वाचतो आणि नाकारणारा फासावर जातो, हे त्याहून भयंकर. खुद्द मिलर यांनी १९५६ मध्ये अशाच कम्युनिस्टविरोधी चौकशीत अमेरिकी संसदेच्या समितीपुढे इतरांची नावे घेण्यास नकार दिला होता. मुंबईत हे नाटक बसवणाऱ्यांनी मुलींच्या किंकाळ्यांपेक्षा न्यायाधीश डॅनफोर्थच्या ठाम, संयत आवाजावर अधिक मेहनत घ्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक नाट्यरसिक, दादर, मुंबई