खासगी तलावांचे सांडवे मोकळे करा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंदूरच्या आसपास, विशेषतः महू आणि सिमरोलच्या बाजूस, फार्महाऊस आणि लहान रिसॉर्ट वाढत चालले असून त्यांतील काहींच्या मालकांनी एखादा ओढा मातीच्या बांधाने अडवून स्वतःचा तलाव करून घेतला आहे. तिथे नावा चालतात, मासे सोडले जातात, बांधाच्या माथ्यावर खुर्च्या मांडून भोजन होते. आपल्या मराठी मंडळांच्या पावसाळी सहली आणि कोजागरीचे कार्यक्रमही अशा जागी होऊ लागले आहेत. यात आक्षेप घेण्यासारखे काहीच नाही. मात्र अनेक वर्षे मातीच्या बांधांची कामे पाहिलेला एक निवृत्त अभियंता म्हणून मला काही ठिकाणी जे दिसले, ते वाचकांपुढे आणि प्रशासनापुढे मांडणे आवश्यक वाटते.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ याने पावसाळ्यापूर्वीची व नंतरची तपासणी धरणमालकांवर बंधनकारक केली आहे. परंतु ती 'विनिर्दिष्ट' धरणांपुरती. म्हणजे पंधरा मीटरहून उंच धरणे, किंवा दहा ते पंधरा मीटर उंचीची अशी धरणे, की ज्यांची लांबी किमान ५०० मीटर अथवा साठा किमान दहा लाख घनमीटर आहे, किंवा तत्सम अन्य एखादी अट ज्यांना लागू पडते. पाच-सहा मीटर उंचीचा फार्महाऊसचा बांध या चौकटीत बसत नाही. तथापि कायद्याने तपासणी सांगितली नाही म्हणून मालकाची जबाबदारी संपते, असा समज कोणी करून घेऊ नये. आपल्या जमिनीवर साठवलेले पाणी सुटून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर स्वतःचा हलगर्जीपणा नसतानाही मालक जबाबदार ठरतो, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८६८ साली 'रायलंड्स विरुद्ध फ्लेचर' या खटल्यात प्रस्थापित झाले आणि आपल्या न्यायालयांनीही ते मानलेले आहे. तो खटला एका गिरणीमालकाने बांधवून घेतलेल्या खासगी तलावाचाच होता.

आता मूळ मुद्दा. दगडी किंवा काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहिले तर तो बहुधा टिकतो. मातीच्या बांधावरून वाहिले तर मागच्या उताराची माती धुपत जाते, धूप माथ्यापर्यंत सरकते आणि काही तासांत बांधाला खिंडार पडते. म्हणून मातीच्या बांधाचे आयुष्य त्याच्या सांडव्यावर, म्हणजे जादा पाणी बाहेर काढून देणाऱ्या वाटेवर, अवलंबून असते, आणि नेमक्या याच भागाची मी सर्वत्र हेळसांड पाहिली आहे. एक साधे गणित मांडतो. ज्या तलावाचे पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर आहे, तिथे चार तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील निम्मे पाणी वाहून आले, तर ५०,००० घनमीटर पाणी तलावात येते. म्हणजे सरासरीने सेकंदाला साडेतीन घनमीटर. एवढे पाणी अर्धा मीटर खोलीने वाहून जायचे तर सांडवा जवळजवळ सहा मीटर रुंद हवा, आणि पुराचा शिखर-प्रवाह सरासरीच्या बराच वर जात असल्याने प्रत्यक्षात याच्या दुप्पट रुंदी धरणे शहाणपणाचे. त्याऐवजी काही मालकांनी बांधात दीड-दोन फूट व्यासाचे दोन-तीन सिमेंटचे पाइप टाकून त्यालाच सांडवा म्हटले आहे. असे तीन पाइप या सरासरी प्रवाहाच्या निम्मे पाणीही जेमतेम सोडतील. ऑगस्ट २०२० मध्ये इंदुरात एका दिवसात दहा इंचांच्या आसपास पाऊस झाला होता, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तेव्हा १०० मिलिमीटर हा काही माझा कल्पनाविलास नव्हे.

जिथे सांडवा मुळात पुरेसा आहे, तिथे तो मागाहून अडवला जातो. उन्हाळ्यापर्यंत नाव चालावी म्हणून त्यावर वाळूची पोती किंवा फळ्या लावून पातळी दोन फूट चढवतात आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी ठोकतात. पहिल्या मोठ्या पुरात पालापाचोळा, फांद्या आणि प्लास्टिक येऊन ती जाळी भिंतीसारखी बंद होते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरण हे धनाढ्य उद्योगपतींच्या मासेमारी व शिकारीच्या क्लबाच्या मालकीचे, मातीचे धरण होते. तळाचे पाणी सोडण्याचे पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, क्लबाने ते पुन्हा बसवले नाहीत. गाड्या जाव्यात म्हणून माथा उतरवून घेतला आणि सांडव्यावर माशांसाठी जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून वाहिले, बांध फुटला आणि खालच्या जॉन्सटाउन शहरात २,२०० हून अधिक माणसे मेली. ते धरण आपल्या फार्महाऊसच्या बांधांहून पुष्कळ मोठे होते, परंतु त्या क्लबाच्या चुकांतील एकही अशी नाही, की जी आपल्याकडे होत नाही.

दुसरा धोका आतून येतो. मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपणारच, आणि पायथ्याशी स्वच्छ पाणी एका गतीने पाझरत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. तेच पाणी गढूळ झाले, किंवा तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला, तर बांधाच्या आतील माती वाहून जात आहे असे समजावे. बांधातून गेलेला पाइप ही यासाठी सर्वांत सोयीची वाट असते, कारण पाइपाच्या कडेने माती नीट दाबली गेलेली नसते. जेसीबीने काळी माती नुसती ओतून, थराथराने पाणी मारून रोलर न फिरवता बांध घातला असेल, तर ही भीती अधिक. शिवाय माळव्यातील काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि त्या भेगा जूनपूर्वी बुजवल्या नाहीत तर पाण्याला रस्ता तयारच असतो. गढूळ पाझर दिसल्यास त्याच्या तोंडावर चिखल थापून तो बंद करण्याचा प्रयत्न करू नये, पाणी दुसरीकडून फुटते. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड असा भार द्यावा, म्हणजे पाणी जाते आणि माती राहते. त्याच वेळी तलावाची पातळी उतरवण्यास सुरुवात करून जाणकाराला बोलवावे. सर्वसाधारण डागडुजीसाठी तलाव रिकामा करायचा असेल तेव्हा मात्र घाई नको, पाणी झपाट्याने उतरले तर आतील ओला उतार घसरतो.

सावलीसाठी बांधावर झाडे लावण्याची हौसही आवरली पाहिजे. बांधावर गवत हवे, झाड नको, कारण झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. घुशींची आणि खेकड्यांची बिळे हाही तसाच प्रकार आहे. जुलै २०१९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हा खेकड्यांवर दोष टाकणाऱ्या मंत्र्यांची यथेच्छ थट्टा झाली, आणि ती योग्यच होती. कारण बिळे वेळीच बुजवणे हे खेकड्यांचे काम नाही.

ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यातील कारम नदीवरील बांधकाम सुरू असलेल्या मातीच्या धरणातून पाणी झिरपू लागल्यावर अठरा गावे रिकामी करावी लागली आणि बाजूने चर खोदून पाणी सोडावे लागले. तिथे सरकारी यंत्रणा, सैन्य आणि यंत्रे उभी राहिली म्हणून जीवितहानी टळली. एखाद्या फार्महाऊसच्या तलावावर मध्यरात्री हीच वेळ आली, तर तिथे बहुधा एकटा चौकीदार असेल आणि खालच्या वस्तीत कोणाला कळवायचे हे त्याला ठाऊक नसेल.

म्हणून जिल्हा प्रशासनाला विनंती आहे, की पटवाऱ्यांकडून अशा खासगी बांधांची यादी, उंची आणि खालच्या वस्तीच्या नोंदीसह तयार करून घ्यावी. नौकाविहारासाठी परवानगी देताना सांडव्याची रुंदी व पातळी एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून प्रमाणित करून मागावी. आणि सांडव्यावरील जाळ्या व फळ्या पंधरा जूनपूर्वी काढण्याचा आदेश द्यावा. मालकांनी खालच्या गावाच्या सरपंचांचा आणि कोटवाराचा दूरध्वनी क्रमांक चौकीदाराच्या खोलीत ठळक अक्षरांत लावावा, त्याला तर कोणाच्या आदेशाचीही गरज नाही.

आपला,
एक निवृत्त अभियंता
राजेंद्रनगर, इंदूर