‘जर्मन रेक्विएम’साठी पूर्ण वाद्यवृंद उभा करण्यासाठी आवाहन

सर्व संगीतप्रेमींना सप्रेम नमस्कार.

पाश्चात्त्य अभिजात संगीतातील समूहगायनाच्या रचना गाणारे आमचे मंडळ पूर्णपणे हौशी आहे. नोकरी-व्यवसाय आणि घरची जबाबदारी सांभाळून संध्याकाळी तालमीला येणारे आमचे गायक कोणतेही मानधन घेत नाहीत. उलट दरवर्षी वर्गणी भरून मंडळाचा नेहमीचा खर्च तेच उचलतात. आगामी मैफलीत जर्मन संगीतकार योहानेस ब्राम्स यांचे ‘जर्मन रेक्विएम’ (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनेची संगीतरचना) संपूर्ण गावे आणि तेही वाद्यवृंदाच्या साथीने गावे, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. हा खर्च वर्गणीतून भागणारा नसल्यामुळे आपल्यापुढे हात पसरत आहोत.

हीच रचना का, याचे उत्तर सोपे आहे. तिच्या सातही भागांत समूह गातो. एकल गायकांना त्यांपैकी तीनच भागांत काम आहे. पुढच्या रांगेत उभे राहण्याचा ज्यांनी कधी विचारही केला नाही, अशा गायकांच्या खांद्यावर इथे सगळा भार असतो. ब्राम्स यांना हौशी आवाजांची जाण होती, कारण तरुणपणी हॅम्बुर्गमध्ये त्यांनी स्त्रियांच्या हौशी समूहाला शिकवले होते. १८६५ मध्ये त्यांच्या आईचे निधन झाले आणि त्यानंतरच्या काळात या रचनेने आकार घेतला. मार्टिन ल्यूथर यांनी जर्मनमध्ये भाषांतरित केलेल्या बायबलमधून ब्राम्स यांनी स्वतः निवडलेली वचने मृतांसाठी प्रार्थना करण्याऐवजी मागे राहिलेल्यांचे सांत्वन करतात. आमच्यापैकी अनेकांनी जवळची माणसे गमावली आहेत, आणि पहिल्या भागातील ‘जे शोक करतात ते धन्य’ ही ओळ तालमीतसुद्धा कोरडेपणाने गाता येत नाही, हे आम्ही अनुभवतो आहोत.

पियानोची साथ आम्ही कमी लेखत नाही. ब्राम्स यांनी स्वतःच या रचनेतील वाद्यवृंदाचे चार हातांच्या पियानोसाठी, म्हणजे एका पियानोवर दोघांनी वाजवण्यासाठी, रूपांतर केले होते आणि १८७१ मध्ये लंडनमधील एका खासगी मैफलीत ती त्याच साथीने गायली गेली. तरीही काही जागी पियानोचा नाइलाज होतो. तिसऱ्या भागाच्या शेवटी फ्यूग (एकच धून वेगवेगळे आवाज एकामागून एक उचलतात अशी रचना) सुरू होतो, तेव्हा खालचा एकच ‘डी’ स्वर छत्तीस मात्राखंड अखंड धरलेला असतो आणि त्यावर चारही आवाज एकमेकांचा पाठलाग करत चढत जातात. पियानोवर दाबलेला स्वर क्षणाक्षणाला विरत जातो, म्हणून तो पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो. डबल बेस (सर्वांत खालच्या स्वराचे तंतुवाद्य), ट्यूबा (मोठे पितळी वाद्य) आणि टिंपनी (मोठे नगारे) मिळून मात्र तो पायाखालच्या जमिनीसारखा धरून ठेवतात. १८६७ मध्ये व्हिएन्नात पहिले तीन भाग सादर झाले, तेव्हा टिंपनीवादकाने हाच स्वर इतक्या जोरात वाजवला की गाणे त्याखाली दबून गेले. म्हणजे नुसती वाद्ये जमवून भागत नाही. जाणते वादक आणि त्यांच्याबरोबर पुरेशा संयुक्त तालमीही हव्यात. पहिल्या भागात व्हायोलिन्स पूर्ण गप्प असतात, त्यांच्याहून खालच्या स्वरांच्या व्हिओला आणि चेलोंच्या गडद नादातून समूहाचा पहिला शब्द उमटतो. तो रंगही पियानोवर मिळत नाही.

आमच्या बाजूची तयारी जोरात सुरू आहे. जर्मन उच्चार अक्षर-अक्षर घोटून घेतले जात आहेत. लांब स्वरांवर शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी एकाच वेळी श्वास घेऊ नये, म्हणून प्रत्येकाच्या स्वरलिपीवर पेन्सिलीने वेगवेगळ्या जागी खुणा केलेल्या आहेत. फ्यूगमध्ये आल्टोंचा (स्त्रियांच्या खालच्या आवाजाचा) प्रवेश अजून डळमळतो, परंतु तो मैफलीपर्यंत पक्का होईल, याची आम्हाला खात्री वाटते.

आपली देणगी केवळ वादकांचे मानधन, वाद्यवृंदाच्या स्वरलिपीचे भाडे आणि संयुक्त तालमींसाठी लागणारे सभागृह यांवर खर्च होईल. गायक हौशी आहेत म्हणून व्यावसायिक वादकांनीही कमी मोबदल्यात वाजवावे, ही अपेक्षा आम्हाला अन्यायाची वाटते आणि मंडळाने ती कधीच ठेवलेली नाही. कोणतीही रक्कम लहान नाही. प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल, मैफलीनंतर जमाखर्च सर्व देणगीदारांना पाठवला जाईल आणि ज्यांना नाव जाहीर करायचे नसेल, त्यांची इच्छा पाळली जाईल.

पैशाखेरीजही मदत हवी आहे. टेनर म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजांची वानवा जवळजवळ प्रत्येक हौशी समूहाला असते, तशी ती आम्हालाही आहे. स्वरलिपी वाचण्याचा सराव नसला तरी कान तयार असलेल्या गायकांनी अवश्य यावे, शिकवण्याची जबाबदारी आमची. या रचनेच्या गायनप्रती कुणाच्या घरी पडून असतील, तर त्या मैफलीपुरत्या द्याव्यात. त्या जपून वापरून परत केल्या जातील. तालमींना पियानोची साथ करू शकणारी आणखी एक व्यक्ती मिळाली, तर प्रत्येक आवाजाची वेगळी तालीम घेता येईल आणि सध्या एकट्याने सगळा भार वाहणाऱ्या आमच्या साथीदारांनाही थोडी उसंत मिळेल.

देणगी मंडळाच्या कोषाध्यक्षांकडे द्यावी. नव्या गायकांनी कोणत्याही तालमीच्या दिवशी, सुरू होण्याच्या थोडे आधी, संचालकांना भेटावे. वाद्यवृंदाचे आरक्षण आगाऊ रक्कम भरल्याशिवाय होत नाही, त्यामुळे मदत लवकर मिळाल्यास तिचा उपयोग अधिक होईल.

आपले नम्र,
कार्यकारिणी सदस्य