मीनलला पत्र

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

काल "आई, मला येतं ते" म्हणून फोन ठेवलास. भांडण पुढे चालवायला लिहीत नाहीये. सोमवारपासून तुला मुलांचा वॉर्ड लागलाय, म्हणून दोन शब्द. औषधांच्या डोसाचं काही काढायचं नाही, असं ठरवूनच बसलेय.

माझी सगळी नोकरी मोठ्यांच्या वॉर्डात गेली. मोठा माणूस कुठे दुखतंय ते सांगतो तरी. तान्ह्याचा चेहरा बघायचा, पाय आखडलेत का ते बघायचं, कुशीत घेतल्यावर रडं थांबतं का ते बघायचं. आणि श्वास आधी मोज, थर्मामीटर नंतर. हात लागला की मूल रडतं आणि मग तो आकडा काही कामाचा नाही. आईच्या मांडीवर असतानाच लांबून मोज, पूर्ण एक मिनिट. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, बाळांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40. आकडा तिथे पोचला की डॉक्टरांना उठव, चिडले तर चिडू देत.

वजन रोजचं रोज, किलोतच. कारण सगळं त्यावरच. आता बघ, 8 किलोचं बाळ, किलोला 15 मिलिग्रॅमने पॅरासिटामॉल 120 मिलिग्रॅम. 5 मिलीत 120 वालं सिरप असेल तर 5 मिली, 250 वालं असेल तर 2.4 मिली आणि ड्रॉप्स 1 मिलीला 100 चे असतील तर जेमतेम 1.2. बाळ तेच, औषध तेच, बाटली बदलली. आलेच शेवटी डोसावर.

मोठ्याला दहापट द्यायला दहा गोळ्या फोडाव्या लागतात, कुणाचा तरी हात थांबतो. बाळाची दहापट एका सिरिंजमध्ये मावते गं. म्हणून 0.5 लिही, टिंबाआधीचं शून्य गाळू नकोस. 5 ला 5.0 करू नकोस. टिंब नजरेतून सुटलं की दहापट झालंच.

चौथीत वही दाखवायला आणलीस की मी उघडायच्या आत म्हणायचीस, "बरोबर आहे." असायचंही बरोबर. दादा चिडायचा, मला कौतुक वाटायचं. आता त्याचीच धास्ती वाटते. दुसऱ्या सिस्टरला "2.4 ना?" असं विचारलंस की ती हो म्हणणारच. तिला ऑर्डर आणि बाटली दे, तिचं उत्तर तिला काढू दे, मग दोन्ही ताडून बघ. यात कमीपणा नाही.

फार बोलले, राग मानू नकोस. मावशीकडे बंटीला इंजेक्शन द्यायचं होतं तेव्हा सगळे "काही दुखत नाही" म्हणत होते आणि तू एकटी म्हणालीस, "टोचेल, तीन म्हणेपर्यंत." त्याने स्वतः दंड पुढे केला. हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही. मी आपली पटकन टोचून मोकळी होणारी.

बाबांचा बीपी आता ठीक आहे. नाइट लागली तर कळव.

तुझी,
आई

ता. क. वर्षाखालच्या बाळाची नाडी दंडाच्या आतल्या बाजूला बघायची, मनगटावर नाही. तुला येतं ते. तरी लिहिलं.