ॲनिमेशनचं शिक्षण: फी कशाची भरायची?

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या करिअर पुरवणीत ॲनिमेशनवर अर्धं पान आलं होतं, त्यात सगळं होतं, फक्त फी किती ते नव्हतं, म्हणून लिहितोय. माझी पोरगी बारावीला आहे, घरी कापूस, आणि तिला ॲनिमेशनच करायचंय. आमची आई म्हणते, "चित्रं काढीसन पोट भरस का?" खरं सांगायचं तर मलाही तोच प्रश्न पडलेला.

शहरातल्या एका इन्स्टिट्यूटला जाऊन आलो. मॅडमने आधी चहा दिला मग फी सांगितली, दोन वर्षांचा कापूस त्यात जाईल! "शंभर टक्के जॉब असिस्टन्स" म्हणे. म्हणजे जॉब की नुसता असिस्टन्स असं विचारलं तर ब्रोशर पुढे सरकवलं. आणि शिकवणार काय, तर सॉफ्टवेअर. अहो, ब्लेंडर नावाचं ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पोरीने जुन्या कॉम्प्युटरवर टाकलंय आणि 2025 ला ऑस्कर मिळालेली लाटव्हियाची ॲनिमेशन फिल्म त्याच्यावरच बनलीय हे मला तिनेच सांगितलं.

मग घरी बसून यूट्यूबवर शीक म्हटलं. तर पोळ्याला तिने आपला बैल चालताना दाखवायचं घेतलं. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक 24 चित्रं, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी 12 चित्रं काढायची. चार दिवस बसली, बैल चालायचा पण पायाखाली तेल सांडल्यासारखा घसरायचा आणि का ते कळेना, व्हिडिओतल्या माणसाला विचारणार कसं. शेवटी गावातले रिटायर ड्रॉइंग सर आले (त्यांच्या जागी शाळेत अजून कोणी आलेलं नाही, तो वेगळाच विषय), म्हणाले पाय नको बघू, खांदा बघ, वजन कुठल्या पायावर आहे ते बघ. गोठ्यातून बैल काढला, मोबाईलवर शूटिंग घेतलं, तेव्हा दिसलं की पुढचा पाय उचलला की मागचा जवळपास तिथेच पडतो. मी जन्मभर बैलामागे चाललो, पण मला हे सांगता आलं नसतं.

पैसे द्यायचे तर अशा बघणाऱ्या माणसाचे, असं माझं मत झालंय. घरी बसूनही होतं म्हणून पाहुणे आमच्याकडच्या फोटोग्राफर केकी मूसांचं नाव घेतात, चाळीसगावात घरात बसून टेबलावर देखावे मांडून फोटो काढले म्हणतात, पण तेही आधी विलायतेत शिकून आले होते हे कोणी सांगत नाही.

म्हणून एएसी सीईटी, म्हणजे कला महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा, द्यायची ठरलंय, संभाजीनगरचं सरकारी कला महाविद्यालय मिळालं तर बरं, मुंबईचं जे.जे. कला महाविद्यालय मिळालं तर अजून बरं. नाही मिळालं तर वर्षभर सरांकडेच. पुढच्या पुरवणीत तेवढे फीचे आकडे छापा, आणि त्या त्या ठिकाणाहून शिकून गेलेल्या पोरांच्या शोरील, म्हणजे त्यांच्या कामाचे नमुन्याचे व्हिडिओ, कुठे बघायच्या तेही.

बैल आता 4 सेकंद चालतो. मागचा उजवा पाय अजून जरा घसरतो.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक, ता. चाळीसगाव, जि. जळगाव